'डेफब्लाइंड'ला मराठीत काय म्हणावे?

दादरच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे: 'ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, अशा व्यक्तींच्या कर्तृत्वावर आमच्या वाचनालयात व्याख्यान आहे. निमंत्रणपत्रिकेवर "मूकबधिर-अंध" छापावे, "अंध-बधिर" छापावे, की "डेफब्लाइंड" हाच शब्द ठेवावा?'

यांपैकी 'मूकबधिर-अंध' हा शब्द कृपया छापू नये, कारण त्यातील 'मूक' वस्तुस्थितीला धरून नाही. हेलन केलर एकोणीस महिन्यांच्या असताना आजारपणात त्यांची दृष्टी आणि श्रवणशक्ती गेली, तरीही १८९० साली त्यांनी बोलण्याचे धडे घेतले आणि पुढे अनेक वर्षे व्यासपीठावरून भाषणे केली. त्यांचे उच्चार अनोळखी श्रोत्यांना सहज कळत नसत, म्हणून सोबतची व्यक्ती तेच शब्द पुन्हा उच्चारून सांगे. पण बोलत त्या स्वतः होत्या. टोकियो विद्यापीठात प्राध्यापक झालेले सातोशी फुकुशिमा यांची दृष्टी नवव्या वर्षी आणि श्रवणशक्ती अठराव्या वर्षी गेली, त्यामुळे त्यांची बोलण्याची भाषा तोवर पक्की झालेली होती. अशा माणसांवरच्या व्याख्यानाच्या पत्रिकेवर 'मूक' छापणे हा त्यांच्यावर अन्याय होईल.

'अंध-बधिर' या शब्दात अन्याय नाही, संदिग्धता मात्र आहे. 'आईवडील' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दोन माणसे येतात, कारण तो द्वंद्व समास आहे. 'श्यामसुंदर' म्हटले की जो श्यामही आहे आणि सुंदरही आहे असा एकच येतो, कारण तो कर्मधारय आहे. 'अंध-बधिर मुलांची शाळा' हे शब्द वाचणारा बहुधा पहिल्या वाटेने जातो आणि काही अंध मुले व काही बधिर मुले असा अर्थ घेतो. इंग्रजीतही हाच पेच होता. तेथे पूर्वी दोन शब्दांमध्ये संयोगचिन्ह असे. इटलीचे साल्वातोरे लागाती यांनी ते काढून एकच सलग शब्द लिहावा असा आग्रह धरला. ही अवस्था म्हणजे दोन अपंगत्वांची बेरीज नसून स्वतंत्र अवस्था आहे, ही त्यामागची भूमिका. मुंबईकराला ती लोकलच्या उदाहरणाने चटकन पटेल: अंध प्रवाशाला गाडीची उद्घोषणा ऐकू येते, बधिर प्रवासी फलाटावरचा इंडिकेटर वाचतो, म्हणजे एक इंद्रिय दुसऱ्याची उणीव भरून काढते. दोन्ही उणिवा एकत्र आल्या की ती परस्परांची मदतच खुंटते आणि स्थानकाचे नाव कोणीतरी तळहातावर बोटाने लिहून सांगावे लागते.

संयोगचिन्ह काढून जे इंग्रजीने साधले, ते आपल्याकडे संधी साधते. बधिर आणि अंध मिळून 'बधिरांध' होते. दोन अकारांचा एक दीर्घ आकार होतो आणि शब्दातली फट बुजते. माझी पसंती या शब्दाला आहे.

त्यावर दोन आक्षेप येऊ शकतात. पहिला असा की मदांध म्हणजे मदाने आंधळा, तसे बधिरांध म्हणजे बधिरपणामुळे आंधळा असे कोणी वाचेल. परंतु मद हे नाम आहे आणि बधिर हे येथे विशेषण आहे, त्यामुळे तो विग्रह येथे बसत नाही. दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. दाताचे डॉक्टर हिरडी बधिर करतात, म्हणजे तेथला स्पर्श कळेनासा करतात. मराठी बोलण्यात 'बधिर'चा हा अर्थ सर्रास आहे, आणि बहुधा म्हणूनच 'कर्णबधिर' म्हणण्याची गरज भासते. ज्यांचे सारे जग स्पर्शावर उभे आहे त्यांच्यासाठीच हा शब्द वापरायचा, हे मनाला टोचते. केलर यांच्या शिक्षिका ॲन सलिव्हन यांनी पाण्याची धार हातावर सोडून दुसऱ्या हातावर 'वॉटर'ची अक्षरे जुळवली, तेव्हा हेलनला भाषेचे दार उघडले ते स्पर्शाने. फुकुशिमांच्या आईने मुलाच्या सहा बोटांना ब्रेल यंत्राच्या सहा कळा मानून त्यांवर बोटे दाबत त्याच्याशी संवाद सुरू केला, तोही स्पर्शानेच. तरीही 'कर्णबधिरांध' फार अवजड होतो, आणि 'अंध' शेजारी आल्यावर 'बधिर'चा रोख कानाकडेच जातो, असे मला वाटते.

मुंबईत १९७७ पासून असलेल्या 'हेलन केलर इन्स्टिट्यूट फॉर डेफ अँड डेफब्लाइंड' या संस्थेच्या नावाचा अनुवाद करून पाहावा. 'बधिर आणि बधिर-अंध' असे लिहिले तर वाचक अडखळतो. 'बधिर आणि बधिरांध' असे लिहिले की दोन गट स्वच्छ वेगळे दिसतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या अनुसूचीतही बहुविकलांगतेत या अवस्थेचा नावानिशी उल्लेख आहे, तेव्हा तिला मराठीत सुटसुटीत नाव हवेच. भाववाचक नाम 'अंधत्व'प्रमाणे 'बधिरांधत्व' करावे. विशेषण लिंगानुसार बदलत नाही: बधिरांध मुलगा, बधिरांध लेखिका.

प्रश्नातल्या व्याख्येत एक दुरुस्ती सुचवतो. अनेक बधिरांध व्यक्तींना थोडे दिसते किंवा थोडे ऐकू येते. त्यामुळे पत्रिकेवर विषय असा छापता येईल: 'बधिरांध (दृष्टी आणि श्रवण या दोन्हींची उणीव असलेल्या) व्यक्तींचे जीवन आणि कर्तृत्व'. कंसातला खुलासा पहिल्यांदा एकदाच द्यावा, पुढे नुसते 'बधिरांध' पुरेल.