सप्टेंबर जवळ आला की कोकॅनी सॅल्मन आमिषाला तोंड का लावत नाही?

तुम्ही लिहिलंय की कॅलिफोर्नियातल्या ट्रकीजवळच्या स्टॅम्पीड जलाशयावर जूनमध्ये ज्या हूचीवर (बोटीमागे ओढायचं झालरीसारखं रबरी आमिष) मासे पटापट लागत होते, तीच हूची, तेच मक्याचे दाणे आणि बोटीचा तोच वेग ठेवूनही आता काही लागत नाही. फिशफाइंडरवर (पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्रावर) मात्र थवेच्या थवे दिसतात. म्हणून आमिष बदलू का, असं विचारताय.

नुसतं आमिष बदलून फारसं काही साधणार नाही. मासे जलाशयात आहेतच, त्यांची भूक गेली आहे.

कोकॅनी म्हणजे समुद्रात न जाता आयुष्यभर गोड्या पाण्यात राहणारा सॉकाय सॅल्मन. त्याचं खाणं म्हणजे पाण्यात तरंगणारे डॅफ्नियासारखे बारीक जीव. साधारण तीन-चार वर्षांचा झाला की शरद ऋतूत तो ओढ्यात किंवा काठच्या खडीत अंडी घालतो आणि मरतो. त्याआधीच्या आठवड्यांत त्याचं खाणं कमी होत होत थांबतं, पोट आक्रसतं आणि अंगातली सगळी शक्ती अंड्यांकडे किंवा वीर्याकडे वळते. नराचा जबडा वाकतो, पाठीवर कुबड येतं, चंदेरी अंग लाल होतं. या अवस्थेतला मासा गळावर येतो तो चिडून. कानाशी डास गुणगुणला की झोपेतही आपला हात उठतो, तसं काहीसं. म्हणजे आता तुम्हाला त्याला खायला घालायचं नाहीये, डिवचायचं आहे.

सगळ्यात आधी वेग बदला. उन्हाळ्यात ताशी 1 ते 1.4 मैल ठीक असतो. आता मी 1.5 पासून सुरू करतो आणि कधीकधी 2 पर्यंत नेतो. सरळ रेषेत बोट हाकू नका, नागमोडी न्या. वळताना बाहेरच्या बाजूचा गळ वेगाने ओढला जातो आणि आतला मंदावून थोडा खाली बसतो. मासा कोणत्या बाजूच्या काठीला लागतो त्यावर लक्ष ठेवा. बाहेरच्या काठीला लागत असेल तर वेग वाढवायचा, आतल्या काठीला लागत असेल तर कमी करायचा. महागड्या सामानापेक्षा ही एक गोष्ट मला जास्त मासे देऊन गेली आहे.

दुसरं म्हणजे डॉजर (आमिषापुढे बांधायची चकाकणारी धातूची पट्टी) आणि त्यामागच्या तंगुसाची लांबी. हूचीला स्वतःची हालचाल नसते. डॉजर डावीकडे-उजवीकडे झोकांड्या खातो, त्याच्या हिसक्यांनी ती नाचते. तंगूस जितका आखूड, तितका हिसका जोरदार. उन्हाळ्यात 10-12 इंच ठेवत असाल तर आता 6-8 इंचांवर आणा, आणि 4 इंची डॉजर काढून जरा मोठा लावा. रंग गुलाबी, केशरी, लाल असे भडक. मक्याचा दाणा तरीही लावाच, टूना किंवा क्रिलच्या तेलात मुरवलेला. भूक नसली तरी वास कामी येतो.

जागाही बदलावी लागेल. जुलैत 10 ते 13 अंश सेल्सिअसचा थंड थर शोधत तुम्ही धरणाजवळच्या खोल पाण्यात फिरत असाल. पिकायला आलेले मासे आता नदीच्या तोंडाकडे सरकतात. स्टॅम्पीडला म्हणजे लिटल ट्रकी नदी जिथे येऊन मिळते त्या बाजूला. तिथे ते बऱ्याचदा वरच्या थरात असतात, विशेषतः पहाटे. डाउनरिगरचा (गळ ठरावीक खोलीवर नेणाऱ्या वजनाच्या यंत्राचा) गोळा आधी 25-30 फुटांवर सोडा, मग हळूहळू खाली न्या. मात्र नदीच्या मुखाशी आणि खुद्द ओढ्यात कुठवर मासेमारी चालते, किती मासे ठेवता येतात, हे चालू वर्षाच्या नियमपुस्तिकेत पाहूनच जा. राज्यागणिक आणि जलाशयागणिक नियम बदलतात. लिटल ट्रकीत चढणाऱ्या याच माशांची अंडी काढून मत्स्य खातं पुढची पिल्लं वाढवतं, तेव्हा तिथे शिस्त पाळलेली बरी.

मासा लागला की जोरात झटका देऊ नका. कोकॅनीच्या तोंडाचं मांस नाजूक असतं, ते फाटून गळ निसटतो. लवचीक काठी, ढिला ड्रॅग (रिळाचा ब्रेक), आणि बोटीजवळ आल्यावर घाई न करता जाळी खालून.

आता खाण्याचं. माशाच्या मांसाचा केशरी रंग त्याने खाल्लेल्या बारीक कवचधारी जीवांतून येतो. अंडी घालायची वेळ आली की नरात तो रंग मांसातून निघून कातडीत जातो, मादीत बराचसा अंड्यांत. म्हणून मासा बाहेरून जितका लालबुंद, तितका आतून फिका आणि पचपचीत. रावसाची सवय असलेल्या घरात असला तुकडा कोणी दुसऱ्यांदा मागत नाही; आलं-लसूण आणि आगळ कितीही चोळा. मी लाल पडलेला मासा पाण्यातच ठेवून गळ काढतो आणि सोडतो. अंगावर नुसती हिरवट-तांबूस झाक आली असेल तर त्याच दिवशी तळून खायला हरकत नाही. तो पकडल्याबरोबर रक्त काढून बर्फात घातला पाहिजे.

आणि ताटात घालायलाच मासे हवे असतील तर नदीचं तोंड सोडा. जे मासे यंदा अंडी घालणार नाहीत, ते अजून खोल, थंड पाण्यातच आहेत, चंदेरी आहेत आणि नेहमीसारखे खात आहेत. फिशफाइंडरवर मोठ्या थव्यापासून वेगळे, खालच्या बाजूला लहान ठिपके दिसतात ते बहुधा हेच. त्यांच्यासाठी तुमची जूनचीच हूची, जूनचाच संथ वेग आणि लांब तंगूस चालेल. आकाराने हातभरही नसतील, पण मांस केशरी असेल.