ड्रॉइंग येत नाही, मग इंटरॅक्शन डिझाइनला जाऊ का?

इंटरॅक्शन डिझाइन म्हणजे ॲप, वेबसाइट, मशीन माणसांना सहज वापरता यावं असं घडवणं. हा प्रश्न मला दरवर्षी येतो, बहुतेक वेळा इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींकडून. आणि सोबत आईवडिलांचा एक प्रश्न असतोच, की एवढी फी भरून कॉम्प्युटर शिकवला तो काय ॲपला रंग द्यायला का.

सांगलीकडची एक मुलगी वडिलांना घेऊन आली होती (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). वडिलांचं हार्डवेअरचं दुकान. खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "मॅडम, पोरीला शाळेत चित्रकलेत कधी बी ग्रेड मिळाली नाही आणि आता म्हणतीय डिझाइन करायचं." ती गप्प, कारण तिलाही तीच भीती होती.

ड्रॉइंगचं आधी उरकते. एमडेससाठी, म्हणजे डिझाइनमधल्या मास्टर्ससाठी, सीड नावाची प्रवेश परीक्षा असते, आयआयटी बॉम्बे घेते. पार्ट ए एक तास, कॉम्प्युटरवर. पार्ट बी दोन तास, कागदावर हाताने, आणि शेवटच्या स्कोअरमध्ये त्याचं वजन 75 टक्के. त्यामुळे ड्रॉइंग लागतच नाही असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. पण लागतं ते एलिमेंटरी-इंटरमीजिएटवालं शेडिंग नाही. बसस्टॉपवर मोबाइल धरून उभा असलेला माणूस, त्याचा हात, त्याची नजर, हे बघणाऱ्याला पटकन कळलं पाहिजे, बस. रोज हात चालवला तर काही महिन्यांत जमण्यासारखं आहे.

मला शंका वेगळीच होती. तिच्या मोबाइलमध्ये छान छान ॲप्सचे स्क्रीनशॉट भरून ठेवलेले, रंग, फॉन्ट सगळं तोंडपाठ. मी विचारलं, दुसऱ्या कुणाला एखादं ॲप वापरताना तू शेवटपर्यंत तोंड बंद ठेवून बघितलंयस का कधी? नाही. मग होमवर्क दिला, की घरातल्या कुणालातरी मोबाइलवर लाइटबिल भरायला बसव, मनात काय चाललंय ते मोठ्याने बोलायला सांग, आणि तू मदत करायची नाही, पैसे जायच्या आधी फक्त थांबवायचं.

पुढच्या वेळी आली ती वही घेऊनच. पहिलंच वाक्य, "मामींना मोबाइल कळतच नाही."

म्हटलं ते राहू दे, मामींनी काय काय केलं तेवढं सांग. तर मामींच्या एका हातात बिलाचा कागद, ग्राहक क्रमांक 12 आकडी, चार-चार आकडे वाचून टाकत होत्या, मध्येच फोन वाजला, बोलून परत आल्या तर आकडे गायब. पुन्हा टाकले. मग नुसत्याच स्क्रीनकडे बघत बसल्या. "अगं झालं का? का अजून काही दाबायचंय?" पुढे जायचं बटण कीबोर्डखाली दबलेलं. ही म्हणते, माझं बोट जवळजवळ स्क्रीनवर गेलंच होतं मॅडम, कसंबसं आवरलं. आणि मामी "माझंच काहीतरी चुकलं" म्हणत मागे गेल्या आणि सगळं परत पहिल्यापासून.

सांगता सांगता तीच थांबली. म्हणाली, बटण दिसलंच नाही तर दाबणार कुठून त्या? आणि वहीत तिथेच एक वाकडातिकडा चौकोन काढला, खाली कीबोर्ड, त्याच्या वर बटण. मला एका नजरेत कळलं. वडिलांनाही कळलं, वही ओढून बघत बसले.

युनिव्हर्सिटीत बरंचसं हेच शिकवतात, फक्त शिस्तीने. लोक जिथे काम करतात तिथे जाऊन बघायचं, कागदाचे स्क्रीन बनवून वापरून घ्यायचे, बटण किती मोठं आणि किती लांब यावर तिथे बोट पोचायचा वेळ कसा बदलतो त्याचा फिट्सचा 1954 चा नियम, ॲप वापरायला सोपं आहे का ते तपासायचे निल्सन या संशोधकाचे दहा निकष, आणि शेवटी ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडणं, जिथे तुमच्या लाडक्या डिझाइनची चिरफाड होते. आयआयटी बॉम्बेचं डिझाइन स्कूल, आयडीसी, 1969 पासून आहे, स्वरचक्र हा मराठी कीबोर्ड तिथलाच. मराठी टाइप करणाऱ्याला काय जड जातं हाही तिथे अभ्यासाचाच विषय.

वडिलांनी मात्र बरोबर जागी बोट ठेवलं. एका मामीवरून काय ठरतं? एकीवरून नाहीच ठरत. त्याच निल्सनने लँडाउअर या संशोधकासोबत 1993 मध्ये हिशेब मांडला होता, की एक माणूस ॲपमधल्या सरासरी 31 टक्के अडचणी दाखवतो असं धरलं तर पाच जणांत साधारण 85 टक्के सापडतात. पण हे चुका शोधण्यापुरतं, किती टक्के लोक अडकतात हे पाच जणांवरून सांगता येत नाही, आणि मामी आणि कॉलेजची पोरं एकाच पाचात मोजायची नाहीत. दुकानदार माणूस, त्यांना हे लगेच पटलं.

एआय स्क्रीन बनवून देतंय, मग नोकरी राहील का, हेही विचारलं. नुसते स्क्रीन रंगवणाऱ्यांना अवघड जाणार असं माझं स्पष्ट मत आहे, तसं मी सांगितलं. मामींच्या शेजारी बसून बघायचं काम मात्र अजून माणसांकडेच आहे. पगाराचे आकडे मी कुणालाच देत नाही. त्यापेक्षा जिथे जायचंय तिथल्या मागच्या दोन-तीन बॅचच्या मुलांशी स्वतः बोला, प्रॉस्पेक्टसपेक्षा जास्त कळतं.

सीडला वयाची अट नाही, कितीही वेळा देता येते, स्कोअर मात्र एकच वर्ष चालतो. म्हणून तिने कॅम्पस इंटरव्ह्यूत मिळालेली नोकरी सोडली नाही, संध्याकाळी तयारी करतेय. माणसांचे हात काढताना बोटं अजून केळ्यांसारखी येतात तिची. परीक्षा जानेवारीत आहे, तोवर मी तिला फक्त हातच काढायला सांगितलेत, दुकानात खिळे मोजणारे, बिल लिहिणारे, वडिलांचे.