मॅन्युअल थेरपी : आणखी एक कार्यशाळा की एमपीटी?

प्रश्न : बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) झाल्यावर गेली तीन वर्षे मी कोथरूडमधील एका दवाखान्यात काम करते. शनिवार-रविवारी भरणाऱ्या मॅन्युअल थेरपीच्या (सांधे व स्नायू हातांनी हलवून करायच्या उपचाराच्या) दोन कार्यशाळा केल्या, प्रमाणपत्रेही मिळाली. तरी रुग्णाच्या मानेला हात लावताना धाकधूक वाटते. आणखी कार्यशाळा कराव्यात, एमपीटीला (फिजिओथेरपीतील पदव्युत्तर पदवीला) प्रवेश घ्यावा, की परदेशी विद्यापीठात जावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ही धाकधूक दोष समजू नका. दोन दिवसांच्या कार्यशाळेनंतर जिला ती मुळीच वाटत नाही, तिच्या हाती मी तरी माझी मान देणार नाही.

कार्यशाळेत हाताची ठेवण शिकता येते. ऑस्ट्रेलियातील जेफ्री मेटलंड यांच्या पद्धतीतील सांधा हलवण्याच्या चार श्रेणी तुम्हाला पाठ असतीलच : पहिल्या दोन श्रेणींत सांध्याचा अडसर, म्हणजे हालचालीला होणारा विरोध, लागण्यापूर्वीच हालचाल थांबते, तिसऱ्या-चौथ्या श्रेणींत त्या अडसरात शिरावे लागते. परंतु कमरेच्या मणक्यावर दोन्ही अंगठे टेकवून हलकेच दाबत असताना हा अडसर नेमका कोठे सुरू झाला आणि पाठीचे स्नायू दुखण्याच्या भीतीने कोठे ताठरले, यांतील फरक कार्यशाळेत परस्परांच्या निरोगी पाठींवर सराव करून कळत नाही. तो कळण्यासाठी दुखणारी पाठ लागते आणि शेजारी चूक दाखवणारे अनुभवी शिक्षक लागतात.

त्याहून अवघड आहे ते कोणाला हात लावायचा नाही, हे ओळखणे. मानेत किंवा डोक्यात पूर्वी कधी न झालेली वेदना आणि तिच्या जोडीला चक्कर, एकाचे दोन दिसणे, जीभ जड होणे किंवा गिळताना त्रास होणे अशी लक्षणे असतील, तर मानेच्या धमनीच्या अस्तराला चीर पडल्याची शक्यता असते. अशा रुग्णाला टेबलावर न घेता तातडीने रुग्णालयात पाठवावे लागते. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तरीही तेच. (समाजमाध्यमांवरील चित्रफिती पाहून 'मान कडकन वाजवून द्या' म्हणणारे रुग्ण तुमच्याकडेही येत असतील. आवाज झाला म्हणजे उपचार झाला, असे नाही.)

मॅन्युअल थेरपीची 1974 मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संघटना, आयएफओएमपीटी, आपल्या प्रशिक्षण-मानकांत मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली रुग्ण तपासण्याचे किमान 150 तास मागते, ते याच कारणाने. म्हणून माझा कल एमपीटीकडे आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत ती दोन वर्षांची असते, तिच्यात शोधप्रबंध लिहावा लागतो आणि पुणे सोडावे लागत नाही. मात्र पदवीच्या नावावर जाऊ नका. प्रवेशापूर्वी तेथे शिकत असलेल्या विद्यार्थिनींना गाठा आणि तुम्ही रुग्ण तपासता तेव्हा शिक्षक खोलीत असतात का, तपासणीनंतर 'हे तंत्र का निवडलेस?' असे विचारतात का, हे विचारा. उत्तर नकारार्थी आले, तर दुसरे महाविद्यालय पाहा.

परदेशाचा विचार तेथेच व्यवसाय करायचा असेल तरच करावा. केवळ कौशल्यासाठी तो खर्च मला पटत नाही.

तोपर्यंत मानेचे मॅनिप्युलेशन, म्हणजे तो झटका, बाजूला ठेवा. नीट तपासणी, सौम्य मोबिलायझेशन, म्हणजे झटका न देता सांधा हलवणे, आणि नेमून दिलेले व्यायाम यांवर तुमच्या बऱ्याच रुग्णांचे भागेल.