शाम्पू, डिओ, प्लास्टिकचे डबे यातल्या केमिकलनी कॅन्सर होतो म्हणतात, मग घरातलं काय काय बदलू?

शाम्पूचं नंतर बघू, आधी सांगा घरात मशेरी कोण लावतं? आमच्या कोरेगाव भागात अजून तव्यावर तंबाखू भाजतात, अख्खं घर ठसकतं, बारकी पोरं पण तिथंच असतात, आणि मग ती काळी पूड दातांना लावून तोंडात धरून बसायचं. तंबाखूत नायट्रोसामाइन हे कॅन्सर करणारं केमिकल असतंच, भाजल्यावर बेंझोपायरीनसारखी जळकी केमिकल त्यात आणखी भर घालतात. डब्ल्यूएचओची कॅन्सरवाली संस्था आयएआरसी, तिनं न ओढता तोंडात धरायचा तंबाखू पहिल्या गटात टाकलाय, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे पक्कं.

आमच्या थोरल्या जाऊबाई पुण्याला असतात. सुट्टीला आल्या की माझे प्लास्टिकचे डबे बाहेर काढायच्या, हा साबण नको, तो डिओ नको. मी म्हणलं ताई, आधी आत्यांची (सासूबाईंची) मशेरी बंद करूया, तर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "म्हातारीचं एवढं एकच सुख आहे, ते पण काढून घेतीस होय?" वर जाताना तंबाखूचा पुडा आणून दिला! पुढं आत्यांना तिखट खाल्लं की गालात आग व्हायला लागली, बॅटरी लावून बघितलं तर आतनं पांढरा चट्टा. मीच नेलं साताऱ्याला. डॉक्टर म्हणाले ल्युकोप्लाकिया, असले काही चट्टे पुढं कॅन्सरमध्ये जातात, मशेरी आजपासून बंद. तुकडा तपासायला पाठवला, रिपोर्ट येईस्तोवर घरात कुणाला घास गोड लागला नाही. कॅन्सर नव्हता. आत्यांनी सोडली हो, चिडचिड झाली, पोट साफ होईना, बडीशेप-लवंग चघळत दिवस काढले, पण सत्तरी पार केलेल्या बाईनं सोडली, मला त्यांचा फार अभिमान आहे. जाऊबाई मात्र अजून म्हणतात मी म्हातारीला उगीच घाबरवलं.

तुमच्या यादीचं म्हणाल तर शाम्पूतल्या एसएलएसनं (फेस आणणारं केमिकल) कॅन्सर होतो याला आधार नाही. प्लास्टिकच्या डब्यात गरम आमटी भरू नका. बुरशी आलेले, कडवट शेंगदाणे निवडून कुटात घालू नका, सरळ फेका, त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं, ते लिव्हरच्या कॅन्सरचं कारण आहे. पार्लरमध्ये केस सरळ करायच्या काही क्रीममधनं फॉर्मल्डिहाइडची वाफ येते, अफ्लाटॉक्सिन आणि फॉर्मल्डिहाइड ही दोन्ही पण पहिल्याच गटातली.

आता पहिला गट म्हणजे पुरावा पक्का, सगळ्यांचा धोका सारखा असं नाही, आणि मी डॉक्टर नाही. पण तोंडातला चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत गेली नाही तर दाखवाच. सोडायला मदत पाहिजे तर १८००-११-२३५६ ही सरकारी क्विटलाइन फुकट आहे. आणि तुमच्या घरात पण कोणी "एवढं एकच सुख" म्हणणारं असेल तर त्यांनाच पेशंटबरोबर दवाखान्यात पाठवा, रिपोर्टची वाट त्यांना बघू दे.