रस्त्यावरच्या संगीत महोत्सवात कोणामागून कोणी गावे

वस्तीतल्या रस्त्यावर पहिल्यांदाच संगीत महोत्सव भरवत असाल, तर कलाकारांच्या नावापेक्षा त्यांच्या क्रमाचा विचार आधी करा. खंजिरी भजन, भीमगीते, कव्वाली, खडी गंमत आणि कॉलेजच्या मुलांचा बँड हे सारे नागपुरात एकाच संध्याकाळी शोभून दिसते. मात्र ढोल-ताशा पथकामागोमाग भजनी मंडळाला बसवले, तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गावोगावी पोहोचवलेला खंजिरीचा ठेका कोणाच्याही कानात शिरत नाही. म्हणून भजन दिवेलागणीलाच ठेवा. दमट हवेत खंजिरीचे कातडे सैल पडते, तेव्हा वादकाला ती शेकून घेण्यापुरता वेळ द्या आणि माइक कातड्याच्या अगदी समोर न लावता जरा बाजूला लावा, म्हणजे थापेबरोबर झांजांची किणकिणही नीट ऐकू येते.

खडी गंमतीला उंच मंच देऊ नका, हे मी आग्रहाने सांगतो. उभ्याने सादर होणारा हा आपल्या विदर्भाचा प्रकार शाहिराची आणि प्रेक्षकांची नजरानजर झाल्याशिवाय रंगत नाही, त्यामुळे रस्त्यावरच रिंगण मोकळे ठेवा. कव्वालांना मात्र बैठक हवी, आणि साथीला टाळ्या वाजवणाऱ्यांसाठी वेगळा माइक हवाच. बँडची जुळवाजुळव वेळ खाते. ती दुपारीच उरकून घ्या. रात्री १० नंतर ध्वनिवर्धकाला मनाई असल्याने शेवटचा कार्यक्रम साडेनऊलाच संपेल असे बघा, आणि पोलीस ठाण्याची परवानगी आधीच हाती असू द्या.