निळा गुलाब आणि नारिंगी पेटुनिया

प्रश्न : लग्नाच्या सजावटीतून उरलेले गर्द निळे गुलाब घरी आणून पेल्यात ठेवले, तर दुसऱ्या दिवशी पाण्यालाही निळसर छटा आली. जनुकीय संशोधनातून निळा गुलाब तयार झाल्याचे वाचले होते. तो हाच का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हा तो नव्हे. आपल्याकडे आलेला गुलाब मुळात पांढरा असून रंगाच्या पाण्यात उभा करून निळा केलेला आहे. दांडा ब्लेडने आडवा कापल्यास कडेने निळ्या ठिपक्यांचे कडे दिसेल. पाणी वर नेणाऱ्या नलिका त्याच, आणि रंगही त्यांतूनच चढलेला असतो.

गुलाबात निळ्या रंगासाठी लागणारे डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य तयार होत नाही, कारण ते घडवण्यासाठी लागणारे एक विकर (एन्झाइम, म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन) त्याच्याकडे नाही. त्यामुळे गुलाबांचा आपापसांत कितीही पिढ्या संकर केला तरी आडातच नाही ते पोहऱ्यात येत नाही. जपानमधील सन्टोरी आणि ऑस्ट्रेलियातील फ्लोरिजीन या कंपन्यांच्या संशोधकांनी पॅन्सीच्या फुलातील त्या विकराचे जनुक गुलाबात घातले, २००४ मध्ये ते जाहीर केले आणि २००९ मध्ये हा गुलाब जपानच्या बाजारात आला. त्याला निळा म्हणणे मात्र जरा उदारपणाचे आहे. तो फिकट जांभळा दिसतो.

असे का, ते स्वयंपाकघरात पाहता येते. गोकर्णाची चार-पाच निळी फुले गरम पाण्यात टाकावीत आणि त्या निळ्या पाण्यात लिंबू पिळावे. ते क्षणात जांभळे आणि मग गुलाबी होते. गुलाबाच्या पाकळीतील पेशीरसाचा सामू कमी, म्हणजे तो आम्लधर्मी असतो, त्यामुळे डेल्फिनिडिन तेथे पोहोचूनही जांभळेच राहते. याच गोकर्णाने पुढे शेवंतीला निळे केले: २०१७ मध्ये जपानी संशोधकांनी शेवंतीत कॅम्पॅन्युला या फुलझाडाचे एक आणि गोकर्णाचे एक अशी दोन जनुके घातली. गोकर्णाच्या जनुकामुळे रंगद्रव्याला शर्करेचे रेणू जोडले जातात, शेवंतीतील मूळचे रंगहीन पदार्थ त्याला बिलगतात आणि फूल खरोखर निळे दिसते. आपल्या कुंपणावरच्या वेलीचा हा उपयोग आम्हाला गुलाबाच्या कथेपेक्षा अधिक विलक्षण वाटतो.

प्रश्न : फुले कोणी खात नाही, मग जनुक बदललेल्या फुलझाडांना शासकीय परवानगी कशाला हवी?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्याकडे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ चे नियम जनुकीय बदल केलेल्या सर्वच सजीवांना लागू आहेत, मग ते पोटात जावोत वा फुलदाणीत. परवानगीमागचा विचार समजायला पेटुनियाचे उदाहरण पुरेसे आहे. या झाडातील एक विकर नारिंगी रंगासाठी लागणारा कच्चा माल स्वीकारत नाही. मक्यातील तसलेच विकर स्वीकारते. म्हणून जर्मनीतील कलोन येथे मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी १९८७ मध्ये मक्याचे जनुक पेटुनियात घातले आणि १९९० मध्ये तशी सुमारे तीस हजार झाडे उघड्यावर लावून पाहिली. ती बाजारासाठी नव्हती. तरीही २०१५ मध्ये हेलसिंकीच्या रेल्वे स्थानकाजवळच्या कुंड्यांत नारिंगी पेटुनिया पाहून तेथील एका वनस्पतिशास्त्रज्ञाला त्या जुन्या प्रयोगाची आठवण झाली. त्यांनी प्रयोगशाळेत तपासणी केली तेव्हा मक्याचे जनुक सापडले. २०१७ मध्ये ही गोष्ट जाहीर झाली आणि युरोप-अमेरिकेतील रोपविक्रेत्यांना पेटुनियाचे अनेक वाण मागे घेऊन नष्ट करावे लागले. त्या फुलांपासून माणसाला वा पर्यावरणाला अपाय होईल असे कोणी म्हटले नाही. परंतु विनापरवाना जनुक किती वर्षे, कोणाकोणाच्या कुंडीतून फिरत होते, हे विकणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते.