स्वीडनच्या एसएचएल आइस हॉकी लीगचा हंगाम कसा चालतो? हरलेल्या संघालाही गुण का मिळतो आणि गुणतालिका कशी वाचावी?

सर्वात आधी गुणतालिकेत सहाव्या, दहाव्या आणि बाराव्या क्रमांकाखाली रेघ मारून घ्या. अख्खा हंगाम या तीन रेघांभोवती फिरतो. पहिला कोण आहे, याला त्यामानाने कमी महत्त्व, कारण विजेता बाद फेरीत ठरतो.

लीगमध्ये १४ संघ आहेत. प्रत्येक संघ बाकीच्या १३ जणांशी चार-चार वेळा खेळतो, दोनदा घरच्या रिंकवर आणि दोनदा बाहेर. म्हणजे ५२ सामने, सप्टेंबर ते मार्च. मधे राष्ट्रीय संघांच्या स्पर्धांसाठी लीग काही दिवस थांबते.

आता गुणांचं. २० मिनिटांचे तीन भाग, त्या ६० मिनिटांत जिंकलात तर ३ गुण, हरलात तर शून्य. बरोबरी असेल तर दोघांना एकेक गुण तिथेच मिळतो. मग पाच मिनिटांची जादा वेळ, दोन्हीकडे तीन-तीनच खेळाडू आणि गोलरक्षक. पहिला गोल झाला की सामना संपला, नाहीतर शूटआउट. जिंकणाऱ्याला आणखी एक गुण. हरलेल्याच्या खात्यात दिसतो तो ६० मिनिटं बरोबरी राखल्याचा गुण.

यामुळे शेवटची मिनिटं बदलतात. बरोबरी असेल तर बरेच संघ धोका टाळतात, हातातला एक गुण घालवायचा नसतो. एका गोलाने मागे असलेला संघ मात्र शेवटच्या दोनेक मिनिटांत गोलरक्षकाला बाहेर बोलावून सहावा खेळाडू उतरवतो. बरोबरी साधली तर गुण मिळतो. रिकाम्या जाळीत गोल बसला तर सामना तसाही जवळपास गेलेलाच असतो, पण गोलफरक बिघडतो, आणि गुण समान झाले की गोलफरकच पाहतात.

नवखे प्रेक्षक सामन्यांची संख्या बघायला विसरतात. एकाचे ४० सामन्यांत ६० गुण, दुसऱ्याचे ३८ सामन्यांत ५७. तालिकेत तीन गुणांचं अंतर दिसतं, पण सरासरी दोघांची दीडच. उरलेल्या दोन सामन्यांचे सहा गुण मनातल्या मनात दुसऱ्याला देऊन टाकू नका.

पहिले सहा थेट उपांत्यपूर्व फेरीत जातात. सातवा-दहावा आणि आठवा-नववा यांच्यात तीन सामन्यांची छोटी मालिका होते. पुढे प्रत्येक मालिका सात सामन्यांची, चार जिंकेल तो पुढे. बाद फेरीत शूटआउट नाही. पाच विरुद्ध पाच, २०-२० मिनिटांचे जादा भाग, गोल होईपर्यंत. अकरावा आणि बारावा मार्चमध्येच घरी.

माझ्या मते खरा थरार तेराव्या आणि चौदाव्याच्या मालिकेत असतो. तीही सात सामन्यांची, हरणारा खालच्या हॉकीआल्स्वेन्स्कानमध्ये जातो. १९६० पासून सलग वरच्या लीगमध्ये असलेला ब्रीनेस २०२३ मध्ये मालमोकडून हरून असाच खाली गेला. २०२४ मध्ये परत वर आला आणि २०२५ मध्ये थेट अंतिम फेरीत पोचला. तिथे लुलेओने त्याला ४-२ असं हरवलं. लुलेओचं १९९६ नंतरचं हे पहिलं विजेतेपद.

भारतातून बघणार असाल तर संध्याकाळी सातचा सामना ऑक्टोबरअखेरपर्यंत आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतो, त्यानंतर मार्चअखेरपर्यंत साडेअकराला. जागरण नको असेल तर शनिवारी दुपारी सव्वातीनचा सामना धरा. हिवाळ्यात तो आपल्याकडे संध्याकाळी पावणेआठला असतो.